दुसऱ्या वायरचा शोध

गल्लीत त्याला सगळे टेस्टर म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही, पण का पाडलं ते सांगायला नको. चाळीस वर्षं लोकांच्या घरात वायरिंग करत हिंडलेला माणूस. निवृत्त झाला तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर खोचलेला. त्यानेच तो पाठ खाजवी, डब्यांची झाकणं उचकटी, आणि कुणी फार मोठ्या बाता मारायला लागला की हळूच त्याच्या दंडाला टेस्टर टेकवून म्हणे, "याचा सप्लाय बंद आहे." त्याच्या बायकोला मात्र गल्ली बाई म्हणे आणि अहो-जाहो करी. त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, आणि अर्धी गल्ली त्यांचा ओरडा खाऊन मोठी झाली होती. एकाच घरात नवऱ्याला अरे-तुरे आणि बायकोला अहो-जाहो, हे टेस्टरला कधी खुपलं नाही. उलट तोच सांगे, "घरात एकच फेज पुरे. दुसऱ्याने न्यूट्रल राहावं, म्हणजे दिवा लागतो."

गाडी बाईंचीच. फिकट निळी, सतरा वर्षांची, दार लावताना खांदा लावावा लागणारी. टेस्टरला गाडी येत नव्हती. शिकायला गेला होता एकदा, पण पेडल तीन आणि पाय दोन, हा आराखडाच मुळात चुकलेला आहे असं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत आला. बाई मात्र पंचेचाळिशीत शिकल्या आणि स्टिअरिंग हातात आलं की पार बदलून जायला लागल्या. घरात त्या कमी बोलायच्या. गाडीत बसल्या की अख्खा रस्ता त्यांचा वर्ग. "ए निळ्या शर्टवाल्या, इंडिकेटर काय शोभेला लावलाय? ट्रकवाल्या, मागच्या बाकावर जा बघू!" काच बंद असायची, त्यामुळे ऐकायला फक्त टेस्टर. चढ लागला की त्या गाडीला शाबासकी द्यायच्या, उतार लागला की स्वतःच "हुर्रे" म्हणायच्या. साठी उलटलेली बाई हुर्रे म्हणते हे शाळेत कुणाला सांगितलं असतं तर त्याला अंगठे धरून उभं केलं असतं. टेस्टर शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, लग्न केलं ते हिच्याशीच.

घोडं अडलं ते गल्लीपाशी. गल्ली चाळीस पावलांची, टोकाला बंद, आणि टोकाचं घर यांचं. गाडी वळवायला जागा नाही. आत सरळ आणली की बाहेर उलटी न्यायची. त्यात गेल्या वर्षापासून बाईंची मान आखडली. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, वळवायची नाही. वळवायची नाही म्हणजे काय, ती वळतच नव्हती. मग गाडी काढायची म्हटली की गल्ली मदतीला धावायची. समोरचे निवृत्त पोस्टमन एका बाजूला, कोपऱ्यावरचा शिंपी गळ्यात टेप अडकवून दुसऱ्या बाजूला. "येऊ द्या, येऊ द्या! कट मारा! उजवीकडे! अहो बाई, तुमच्या नव्हे, माझ्या उजवीकडे!" चार दिशा शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईंना आता दोन माणसं उजवं-डावं शिकवत होती. त्या गाडीत ओठ घट्ट मिटून बसत आणि गल्लीबाहेर पडेपर्यंत अक्षर काढत नसत.

एका शुक्रवारी दोघांनी एकदम दोन सूचना दिल्या आणि गाडी पोस्टमनच्या चार कुंड्या आणि एक खुर्ची घेऊन थांबली. पोस्टमन नुकतेच खुर्चीतून उठून सूचना द्यायला आले होते म्हणून बरं. बाईंनी गाडी परत आत आणली, चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "संपलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. त्या भावाचा गाडीवर पहिल्यापासून डोळा होता. पुढच्या आठवड्यात रविवारी अकराला येतो, कागदांवर सह्या करू आणि गाडी घेऊन जातो, असं ठरलंसुद्धा. टेस्टर तिथेच बसून ऐकत होता. गाडी गेल्याचं दुःख त्याला नव्हतं, पत्रा तो पत्राच. पण गाडी गेली की हुर्रे म्हणणारी बाई गेली, आणि मग उरलेला जन्म पेपर वाचणाऱ्या बाईंबरोबर काढायचा. त्याही चांगल्याच होत्या, पण त्याला दोघी हव्या होत्या.

त्याच दुपारी रस्त्यावर एक टेम्पो मागे येताना त्याने पाहिला. ड्रायव्हर मागे वळून बघत नव्हता, समोरच्या छोट्या पडद्याकडे बघत होता. टेस्टर टेम्पोच्या मागेच इतका वेळ उभा राहिला की पडद्यात त्याला बघून ड्रायव्हर शेवटी ओरडला, "काका, फोटो पाहिजे का?" संध्याकाळी टेस्टरने कॅमेरा मागवला. बुधवारी खोका आला. आत सुपारीएवढा कॅमेरा, वहीच्या अर्ध्या पानाएवढा पडदा, एक लांब केबल, आणि दोघांची मिळून एक लाल वायर आणि एक काळी. टेस्टर खूश झाला. वायर दोनच! अख्ख्या इमारती उजळवलेल्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ.

त्याने बाईंना ताकास तूर लागू दिली नाही. "विकायच्या आधी जरा साफ करतो," म्हणाला. नंबर प्लेटच्या वर भोक पाडून कॅमेरा बसवला. केबल डिकीतून गालिच्याखालून पुढे नेली, पडदा समोर चिकटवला. काम असं सफाईदार की केबलचा एक इंच दिसेल तर शपथ. मग रिव्हर्सचा दिवा उघडला. गाडी येत नसली तरी चावी फिरवून गिअर मागे टाकण्याएवढं त्याला येत होतं. दिवा झक्क पेटला. लाल वायर दिव्याच्या वायरला जोडायची, काळी दुसरीला. दिव्याच्या मागे त्याने हात घातला आणि तिथेच थबकला. दिव्याला वायर एकच होती.

एका वायरवर दिवा? टेस्टरने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. एकच. त्याने टेस्टर काढून त्या वायरला लावला. टेस्टर मिणमिणलासुद्धा नाही. म्हणजे टेस्टरच्या मते वायर मेलेली, आणि डोळ्यासमोर दिवा लखलखतोय. चाळीस वर्षांत खिशातल्या त्या मित्राने त्याला असं तोंडघशी कधी पाडलं नव्हतं.

खोक्यात एक कागद होता, मुंगीच्या अक्षरात. "काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडावी." टेस्टरने ते तीनदा वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. उघडी तार पत्र्याला जोडायची? त्याच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी कानाखाली हाणून शिकवलं होतं: उघडी तार आणि पत्रा यांची गाठ पडली की तुझी गाठ थेट वरच्याशी. फ्रिज असो, पंखा असो, दाराची बेल असो, पत्र्याला तार लागू देईल तो वायरमन कसला! "हे लिहिणारा एक तर वेडा आहे, नाहीतर माझा मेहुणा आहे," असं म्हणून त्याने त्या ओळीवर काट मारली आणि काळ्या वायरच्या टोकावर खबरदारी म्हणून तिहेरी टेप गुंडाळली. दुसरी वायर कुठेतरी असणारच. वायरिंग करणाऱ्याने लपवली असेल. लपवलेल्या वायरी शोधण्यात तर त्याचं आयुष्य गेलं होतं.

गुरुवारी डिकीचा गालिचा निघाला. वायर नाही. मागच्या दिव्यांचे सगळे डबे निघाले. नाही. शुक्रवारी मागची सीट निघाली आणि व्हरांड्यात येऊन बसली. सीटखाली बाईंची लाल पेनं सापडली सात, एक कानातलं, खडूचे तुकडे आणि दोन खंडांचा नकाशा; वायर नाही. शनिवारी सकाळी दारांची आतली अस्तरंसुद्धा भिंतीला टेकून उभी होती. शिंपी येऊन बघून गेला आणि म्हणाला, "अस्तर काढायचं तर मला बोलवायचं."

बाई व्हरांड्यात आल्या. त्यांना मान वळवता येत नसल्यामुळे त्या सगळ्याच वळल्या, सीटकडे, मग दारांकडे, मग नवऱ्याकडे.

"अहो, गाडी विकायची आहे. भंगारात घालायची नाहीये."

"होतंय, होतंय. एक वायर सापडत नाहीये."

"उद्या अकराला तो येतोय. तोवर जशी होती तशी करून ठेवा." आणि आत जाता जाता थांबून म्हणाल्या, "एवढी कसली वायर?"

टेस्टरला खोटं बोलता आलं नाही आणि खरं सांगवलं नाही. तो पाना घेऊन पुन्हा डिकीत शिरला.

आता राहिला एकच मार्ग, आणि तो नाक घासायला लावणारा होता. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. ते चालवायची तिशीतली एक तरुणी. तिला लोक बॅटरीवाली म्हणत. टेस्टर या जमातीला आयुष्यभर 'बारा व्होल्टचे बहाद्दर' म्हणत आला होता. बारा व्होल्ट म्हणजे काय, त्याला गुदगुल्यासुद्धा व्हायच्या नाहीत. दुकानावरून तो दोनदा नुसताच पुढे गेला. तिसऱ्या वेळी तिनेच हाक मारली.

"काका, फेऱ्या कसल्या मारताय? बॅटरी उतरली का?"

"नाही, सहज," टेस्टर म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "एका माणसाला विचारायचं होतं. तो विचारतोय की गाडीच्या मागच्या दिव्याची दुसरी वायर कंपनी लपवते कुठे?"

तिने हातातला पाना खाली ठेवला. "तो माणूस घरांचं वायरिंग करायचा का?"

"चाळीस वर्षं," टेस्टर अभिमानाने म्हणाला, आणि जीभ चावली.

ती हसली, पण चांगलं हसली. म्हणाली, "त्या माणसाला सांगा, तुम्ही आत्ता दुसऱ्या वायरवरच हात टेकून उभे आहात."

टेस्टरचा हात दुकानासमोरच्या एका गाडीच्या टपावर होता. त्याने तो चटका बसल्यासारखा उचलला.

"गाडीचा सगळा पत्राच दुसरी वायर असतो, काका. बॅटरीची काळी बाजू बॉडीला बांधलेली असते. जिथे दिवा लावायचा तिथे एकच वायर न्यायची, परत यायला पत्रा आहेच. कुठेही रंग खरवडा आणि काळी वायर स्क्रूने आवळा. आणि खिशातल्या त्या टेस्टरला बारा व्होल्ट कळतच नाहीत."

टेस्टरने एक बोट हळूच पुन्हा टपाला लावून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे माणूस तीन दिवस कळशातच बसून कळसा शोधत होता. अपमान व्हायला हवा होता, पण झालं भलतंच. त्याला हसू यायला लागलं. अख्खी गाडी वायर! दारं वायर, टप वायर, डिकी वायर! एवढी मोठी वायर त्याने जन्मात पाहिली नव्हती. तो इतका हसला की बॅटरीवालीने त्याला स्टूल दिलं आणि पाणी दिलं.

कळलं खरं, पण हाताला कोण समजावणार? संध्याकाळी त्याने अस्तरं बसवली, लाल वायर दिव्याच्या वायरला जोडली. मग डिकीत बसून पत्र्याचा एक कोपरा खरवडून चकचकीत केला, काळ्या वायरची टेप सोडली, तार पत्र्यापाशी नेली, आणि हात मागे आला. पुन्हा नेली, पुन्हा मागे. डोक्याने बारा व्होल्ट म्हटलं की हात म्हणे, उस्तादांना विचार. जेवायची हाक येईपर्यंत हे चाललं होतं.

रविवारी मेहुणा अकराऐवजी दहालाच आला. काखेत कागदांची फाइल, गाडी घेऊनच जायची म्हणून येताना बसने आलेला. व्हरांड्यातल्या सीटवर तो ऐसपैस बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कशावर बसलोय.

"भावोजी, ही गाडीची सीट बाहेर कशी?"

"हवा खायला," टेस्टर म्हणाला. आता तो मागे हटणार नव्हता. पायात रबरी बूट, हातात कामावरचे लाल रबरी मोजे, पायाखाली सुकी लाकडी फळी. हे सोंग बघून पोस्टमन बाहेर आले, शिंपी आला, आणि पोस्टमननी सवयीने "येऊ द्या, येऊ द्या" म्हटलंसुद्धा.

"मागे सरका सगळे!" टेस्टर गरजला. "अगं, जरा बाहेर ये. चावी घेऊन. गाडीत बसून फक्त गिअर मागे टाक. गाडी सोडू नकोस."

बाई आल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या स्टिअरिंगसमोर बसत होत्या. समोर चिकटवलेला पडदा त्यांना दिसला. त्यांनी त्याला बोट लावून बघितलं, पण विचारलं काही नाही. चावी फिरवली, गिअर मागे टाकला.

टेस्टरने डोळे मिटले. मनात उस्तादांची माफी मागितली. आणि उघडी तार पत्र्याला टेकवून स्क्रू आवळला.

ठिणगी नाही. धूर नाही. टेस्टर जिवंत. त्याने एक डोळा उघडला. गाडीत सामसूम. मग आतून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग उकळत्या किटलीसारखा, आणि मग बाई खदाखदा हसायला लागल्या. स्टिअरिंगवर डोकं ठेवून, हॉर्न वाजवत हसल्या.

"अहो! अहो, पोस्टमन आढ्याला लटकलेत! आणि शिंपी पण! फाइल घेऊन आमचा भाऊ आभाळात लोंबतोय!"

कॅमेरा उलटा बसला होता. चाळीस वर्षं सफाईदार काम करणाऱ्या माणसाने वरची बाजू खाली केली होती, आणि त्याला त्याचं इतकं सुख झालं की सांगता सोय नाही. पोस्टमन मुद्दाम हात हलवायला लागले. शिंप्याने गळ्यातली टेप सोडून धरली. पडद्यात ती म्हणे सापासारखी वर गेली. मेहुण्याला काही कळेना म्हणून तो गाडीच्या मागे येऊन वाकून बघायला लागला, तर आत बाईंना नुसतं त्याचं नाक दिसलं, भलंमोठं, आणि तेही उलटं. त्यांना श्वास घेता येईना.

टेस्टरने दोन स्क्रू काढले, कॅमेरा फिरवला, स्क्रू आवळले. पडद्यात गल्ली सरळ झाली. खाली हिरवी, पिवळी, लाल रेघ. बाईंनी डोळे पुसले आणि गल्लीला हुकूम सोडला, "सगळे पायरीवर. आणि कुणीही एक शब्द बोलायचा नाही."

कुणी बोललं नाही. पोस्टमननी तोंडावर हात धरला होता. गाडी हळूहळू मागे निघाली, कुंड्यांना वळसा घालून, शिंप्याच्या पायरीपासून वीतभर अंतर राखून, चाळीस पावलं, एका दमात, आणि मोठ्या रस्त्याला लागली. मग पुन्हा सरळ आत आली. मग पुन्हा मागे गेली. असं चारदा झालं. पाचव्यांदा गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर उघड्या काचेतून खणखणीत आवाज आला, "हुर्रे!" आणि शाळेत त्यांचा ओरडा खाल्लेला शिंपी मटकन पायरीवर बसला.

मेहुणा फाइल उघडत पुढे झाला. "ताई, कॅमेरा पण आहे हे सांगितलं नव्हतंस. मग सह्या करायच्या ना?"

"सह्या कसल्या? गाडी विकायची नाहीये," बाई म्हणाल्या. त्याचा चेहरा पडलेला बघून त्यांना दया आली. "बस पुढे. तुला घरी सोडते."

टेस्टर धावत आला, तर त्याची शेजारची सीट मेहुण्याने पटकावलेली, आणि मागची व्हरांड्यात. क्षणभर तो दार धरून उभा राहिला. मग मागे चढला आणि उघड्या पत्र्यावरच मांडी घालून बसला. दुसऱ्या वायरवर, मोजे घातलेल्या हातांनी पुढची सीट धरून. गाडी सुटली. बाई निळ्या शर्टवाल्यांना, ट्रकवाल्यांना, एका निष्पाप सायकलवाल्याला ओरडत होत्या. मेहुण्याने बहिणीचा हा अवतार कधी पाहिला नव्हता. त्याने फाइल छातीशी धरली. टेस्टरला मागून फक्त तिची न वळणारी ताठ मान दिसत होती, आणि त्याला एकदम वाईट वाटलं. हसताना ती दिसेल म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आता नुसतं ऐकायचं.

लाल सिग्नलला गाडी थांबली. बाईंनी हात वर केला, समोरचा आरसा धरला आणि खाली वाकवला, अजून खाली, पार खाली, थेट जमिनीवर मांडी घातलेल्या नवऱ्यापर्यंत. आरशात त्याला तिचे डोळे दिसले, हसून हसून लाल झालेले.

"अगं, आरसा मागच्या रस्त्यासाठी असतो," तो म्हणाला.

"त्याला तुम्ही कॅमेरा दिलाय ना?"

"तो फक्त रिव्हर्समध्ये लागतो!"

"माहितीये," बाई म्हणाल्या. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजायला लागले, मेहुणा "ताई, ताई" करत होता, आणि आरसा अजून खालीच होता.